चीनची पोथी

राजेश्वर गावचा तात्याराव सातवी शिकलेला. म्हणून वर्षावासाचे तीन महिने रोज दिवेलागणीला विहारात धम्माचा ग्रंथ वाचायचं काम त्याच्याकडंच. वस्तीतून भुताखेतांची भीती आपणच हाकलली, असं तो चारचौघांत सांगायचा. खोटंही नव्हतं म्हणा.

एक्क्याऐंशी साली मात्र गडी फसला. ग्रंथ श्रावणातच वाचून संपला. बीदरच्या रद्दीवाल्याकडं त्याला एक बिनपुठ्ठ्याचं पुस्तक मिळालं. चीन देशातल्या जुन्या गोष्टी. चाळून बघितलं तर पानोपानी भिक्खू, विहार, कमळं. झालं! चीनमधी बी आपलाच धम्म, असं म्हणून त्यानं ते पांढऱ्या कपड्यात गुंडाळून ग्रंथाच्या जागी ठेवलं.

चौथ्या दिवशी त्यातून कोल्हीण निघाली. बाईचं रूप घेऊन गावाच्या कडेला एकटी राहणारी, माहेर नसलेली, लेकरांना पाला वाटून देणारी. तिनं हात लावलेली लेकरं सुकत जायची. वाचताना तात्यारावाच्याच अंगावर काटा आला, पण समोर सगळे हात जोडून बसलेले, थांबणार कसा? वाचन संपलं आणि सगळ्यांच्या माना कोंडाबाईकडं वळल्या.

कोंडाबाई वस्तीच्या टोकाला एकटी राहायची. दुष्काळात कुणाच्या तरी मागं चालत आलेली पोर, माहेरचा पत्ता नाही. लेकरांच्या कावीळ-खोकल्याला तिचाच पाला. दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात कुणी फिरकेना.

त्यातच तात्यारावाच्या नातीला कावीळ झाली. त्याची बायको विमलबाई म्हणाली, "तिला बोलवू नका. विहारात वाचल्यालं खोटं कसं आसंल?" तात्यारावाचीही टरकलीच होती, खोटं कशाला बोला.

तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे हळदीसारखे झाले, तेव्हा तो भर दुपारी कोंडाबाईकडं निघाला. दार आतून बंद.

"मावशी, पाला दे. लेकरू लई बेजार हाय," तो बाहेरूनच म्हणाला.

"मी न्हाई येत. हात लावला तर सुकंल ते." ती आत रडत होती. "तात्या, तू शिकल्याला हायस. मला ल्हानपणीचं कायच याद न्हाई बग. ती कोल्हीण मीच तर न्हाई? कसं कळावं?"

तात्याराव उंबऱ्यातच बसला. वस्ती तिला भ्यायली ते भ्यायली, पण ही आता स्वतःलाच भ्यायला लागली होती, आणि हे त्यानं केलं होतं.

संध्याकाळी समजूत काढून त्यानं तिला विहारात आणलं. लोक सरकून बसले.

"ही पोथी न्हाई," तो पुस्तक दाखवून म्हणाला. "करमणुकीच्या गोष्टी हायत. मीच रद्दीतून आणल्या. चूक माझी. उद्यापासून दुसऱ्यानं वाचावं."

मागून एक म्हातारा पुटपुटला, "ह्याला बी धरलं तिनं."

मग तात्यारावानं तिच्याकडं पाणी मागितलं. तिनं तांब्या घेतला आणि सवयीनं त्याच्या ओंजळीत वरून धार धरली, जशी गावानं विटाळाच्या भीतीनं त्या दोघांना जन्मभर धरली होती. त्यानं तिच्या हातातून तांब्याच घेतला आणि तोंडाला लावला. ते बघून विमलबाई नातीला कडेवर घेऊन पुढं आली.

पण पिताना त्याचे डोळे गच्च मिटलेले होते, आणि ते कोंडाबाईला दिसलं.