भाऊजींच्या खुणेचा अर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढंसुद्धा मनातल्या मनात नाही. चौथीपर्यंत शिकले, म्हणून लिहिता येतं. बोलणं मात्र मला पहिल्यापासून जड जातं. चार बायकांत तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. मग हे लाजेमुळं राहिलं असं म्हणू का? नाही. एकदा मी बोलले होते — आणि चांगलं खणखणीत बोलले होते. तेच लिहायचं आहे.

आम्ही पडेगावला राहायला आलो तेव्हा आजूबाजूच्या शेतांत प्लॉट पडत होते. घरं उठत होती, नळ येत नव्हते. त्यात दुष्काळ. आमच्या गावी, पिशोरकडं, चारापाणी उरलं नाही म्हणून तेजूच्या पप्पांनी, माझ्या नवऱ्यानं, मेंढरं विकली आणि ते वाळूजला कंपनीत लागले. रातपाळी जास्त. त्यांचे धाकटे भाऊ आमच्यासोबत आले. भाऊजी जन्मापासून मुके, ऐकूही येत नाही. सकाळी बांधकामावर विटा वाहायचे, दुपारी घरी यायचे. माझी तेजू तेव्हा रांगत होती.

टँकर आला की हंडे घेऊन पळावं लागायचं. पोरगी काखेत घेतली तर हंडा राहतो. एक दिवस मी तिच्यापुढं मोबाईल ठेवला, गाणी लावली, दार ओढलं आणि गेले. परत आले तर ती जशीच्या तशी बसलेली. मी आलेली तिला कळलंही नाही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

रांगेत बायका म्हणायच्या, "तुझी पोरगी लई गुणाची गं. आमचं बेनं नरडं फाडतंय तिकडं."

"आईवर गेलीय, मुखदुर्बळ," दुसरी म्हणायची. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

टँकरसाठी मोबाईल दिला, हे खरं. पण टँकर नसायचा त्या दिवशी? पप्पा रातपाळी करून झोपलेत, रडली तर उठतील, म्हणून दिला. भाकरी थापायच्यात म्हणून दिला. मग काहीच काम नसतानाही दिला. तिनं घे म्हणून हात वर केले की माझ्या अंगावर काटा यायचा — आता हिला घ्यावं लागणार. मोबाईल दिला की ती मला विसरायची. मला तेच पाहिजे होतं. आईनं असं लिहावं का? पण असंच होतं.

भाऊजींना ते आवडायचं नाही. दुपारी आले की तिच्या हातातला मोबाईल काढून फळीवर ठेवायचे. ती आकांत करायची. त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून तिच्या रडण्याला न भिणारे घरात ते एकटेच होते. निवांत तिच्यासमोर बसायचे, कोकरासारख्या उड्या मारून दाखवायचे, गालातून हवा सोडायचे. थोड्या वेळानं ती हसायची. पण तोवर पप्पा कूस बदलायचे, आणि मी फळीवरचा मोबाईल परत तिच्या हातात द्यायचे. भाऊजी नुसते माझ्याकडं बघायचे.

मोबाईलसाठी त्यांनी एक खूण काढली होती — हाताचा पंजा पालथा धरायचा. पालथा पंजा म्हणजे डालगं. मेंढरं चरायला नेताना मागं राहिलेल्या कोकरांवर बांबूची मोठी टोपली पालथी घालतात, ती. तुझी पोरगी तू झाकून ठेवतेस, असं त्यांचं म्हणणं. मला ते पहिल्याच दिवशी कळलं. त्यांच्या सगळ्याच खुणा मला कळायच्या. पप्पा लहानपणापासून मेंढरं घेऊन लांब लांब फिरलेले, त्यांना भाऊ फारसा कळत नव्हता. "तुमचं तुम्हालाच ठाऊक," म्हणायचे.

तेजू तीन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर बघेना. अंगणवाडीतल्या ताईंनी विचारलं, "घरात मोबाईल बघते का?"

मी म्हणाले, "नाय."

"मग दिवसभर कुणाजवळ असते?"

"तिच्या काकाजवळ. ते मुके हायेत."

हे मी का म्हणाले? कुणी मला काकाचं विचारलं नव्हतं.

गोष्ट पप्पांपर्यंत गेली. गावाहून आत्याबाई आल्या. माझ्या सासूबाई. त्यांना डोळ्यांनी धड दिसत नाही, पण जीभ तिखट. "लेकरू बघतं तेच शिकतं. ह्याच्यामुळं पोरीची वाचा बसली. मी नेते ह्याला."

भाऊजींची पिशवी भरायला घेतली तेव्हा त्यांना काय चाललंय ते समजलं. ते मधोमध येऊन उभे राहिले. पंजा पालथा करून तेजूच्या डोक्यावर धरला. मग माझ्याकडं बोट केलं. मग तोंडावर हात ठेवून नाही अशी मान हलवली — म्हणून ती बोलत नाही. आणि माझ्याकडं बघत राहिले — तू सांग. तुलाच कळतंय, तू सांग.

पप्पांनी विचारलं, "काय म्हणतोय गं?"

आणि मी बोलले. घसा कोरडा पडला नाही, काही नाही. "गावाकडं जायचंय म्हणत्यात. मेंढरं, कोकरं आठवत्यात. इथं करमत नाय म्हणत्यात."

पप्पांचा चेहरा हलका झाला. हसून त्यांनी भावाची पाठ थोपटली. ते हसणं बघून भाऊजींना वाटलं, मी खरं सांगितलं. तेही हसले. माझ्यापुढं हात जोडले. मग त्यांच्या हातात पिशवी दिली.

पुढं अंगणवाडीत आयांची बैठक झाली. ताई म्हणाल्या, मोबाईल देण्याआधी जरा थांबा. एक श्वास घ्या. स्वतःलाच विचारा, आत्ता हे पोराला पाहिजे का मला? मी खाली मान घालून बसले होते. मला विचारायची गरज कुठं होती?

पण त्याच दिवशी मी मोबाईल उतरंडीच्या मडक्यात टाकला. तेजू रडली, मी बसून राहिले. तिच्यासमोर बसायचं कसं, ते मी भाऊजींचं बघितलेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती "पानी" म्हणाली. मग एकेक शब्द येत गेला.

आत्याबाईंनी गावभर सांगितलं, "मुका गेला आन् पोरीला वाचा फुटली." पप्पांनाही ते पटलं. मी माझी चूक सुधारली, आणि त्यानंच भाऊजींवरचा आळ पक्का झाला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

भाऊजी आता पिशोरला दुसऱ्यांची मेंढरं राखतात. आम्ही सणाला जातो. तेजू दिसली की ते कोकरासारखी उडी मारतात, आणि आत्याबाई तिला मागं ओढतात.

यंदा परतताना एसटीत तेजू माझ्या शेजारी होती. पप्पा पुढं बसलेले. खिडकीबाहेर बघत तिनं विचारलं, "आई, काकानं माझी वाचा घेतली व्हती का गं?"

गाडीत गलका होता. आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सांगायला एवढी सोपी वेळ मला कधीच मिळाली नव्हती.

"व्हय," मी म्हणाले.

"मग मी त्याच्याजवळ कधीच नाय जानार."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, नको जाऊस.