जावयाला दिलेले दहा शेअर

पंख्याच्या कारखान्यात मोटरीला तार गुंडाळण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला अख्खी गल्ली 'मालक' म्हणायची. यात थट्टा आहे हे फक्त मालकांनाच कळत नसे. झालं होतं असं की, एका तंगीच्या वर्षी कंपनीने बोनसऐवजी प्रत्येक कामगाराच्या हातावर शंभर शेअर टेकवले. बाकीच्यांनी ते मिळेल त्या भावाला फुंकून टाकले, मालकांनी मात्र जिवापाड जपले. निवृत्तीनंतरही चहाच्या दुकानात कुणी कुरकुरणाऱ्या पंख्याला शिव्या घातल्या, की ते दटावत, "आमच्या कंपनीचा आहे का ते आधी बघा!"

या मालकीला फळ एकच, वार्षिक सभा. दरवर्षी कडक इस्त्रीचा शर्ट चढवून मालक सभागृहात जात, माइकसमोर उभे राहत आणि विचारत, "साहेब, आपल्या पंख्याच्या तीन नंबरात आणि चार नंबरात फरक काय?" अध्यक्ष बदलत गेले, प्रश्न तोच राहिला. उत्तरही तेच यायचं, "चांगला प्रश्न आहे, नोंद घेतो." ती नोंद कोण कुठे घेत होतं देव जाणे. पण तेवढा वेळ सगळे कोटवाले माना वळवून मालकांकडे बघत. नोकरीत असताना कुठल्या साहेबाने त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. त्या एका प्रश्नावर हा माणूस वर्ष काढायचा.

मग कंपनीचा शेअर घसरत घसरत दोन रुपयांवर आला. बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, तेव्हा कंपनीने ठरवलं की जुन्या शंभर शेअरांचा मिळून एक नवा शेअर करायचा. मालकांनी बातमी अर्धीच वाचली. दोनचा शेअर दोनशेला जाणार, एवढं दिसल्यावर पुढचं वाचायला थांबतो कोण? त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, त्यातला प्रकार.

"अहो, काल दोनला कुणी विचारत नव्हतं, ते आता दोनशेला कोण घेणार?" बायको म्हणाली. "पंख्यात सोनं भरलंय का?"

"तुला त्यातलं काही कळत नाही," मालक म्हणाले, आणि त्याच भरात त्यांनी जावयाला दहा शेअर बक्षीस देऊन टाकले. जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. सासऱ्याने लग्नापासून त्याला साधं पेनसुद्धा दिलं नव्हतं, त्यामुळे बिचारा गहिवरला. शेअर रीतसर त्याच्या खात्यात गेले.

महिन्याभराने जावईच चेहरा पाडून घरी आला. "बाबा, घोटाळा झालाय. हे चिल्लर देऊन नोट घेण्यासारखं आहे. शंभर नाणी द्या, एक नोट घ्या. पैसे वाढत नाहीत."

"मग दे म्हणावं नोट."

"तुमच्याकडे नव्वदच नाणी आहेत ना. माझ्याकडे दहा. दोघांनाही नोट नाही. अशा सगळ्यांचे तुकडे गोळा करून कंपनी विकणार आणि पैसे आपल्या खात्यात टाकणार."

"तुझे दहा परत टाक माझ्यात!"

"तारीख गेली, बाबा. काल."

मालक खाली बसले. पैशाचं काही नव्हतं, तुकड्यांचे एकशेऐंशी आलेही. पण आता ते सभेला जाणार कुठल्या तोंडाने? चहाच्या दुकानात जाणं त्यांनी बंद केलं. घरातला पंखा बघितला तरी त्यांना भडभडून येई.

इकडे दोनशेचा शेअर घसरायला लागला. कंपनी तीच, पंखे तेच, हे लोकांच्या लक्षात आलं होतं. तो एकशेचाळीसला आला, तेव्हा बायकोने जावयाकडून स्वतःचं खातं उघडून घेतलं आणि त्याच एकशेऐंशीतून एक शेअर उचलला.

"माझ्या नावावर का नाही घेतलास?" मालक कळवळले.

"तोही कुणाला तरी वाटला असतात."

सभेला दोघं गेली. आत फक्त भागधारक, म्हणून मालकांना दारातल्या बाकड्यावर, रखवालदाराशेजारी बसावं लागलं. आठवडाभर त्यांनी बायकोकडून प्रश्न घोकून घेतला होता. बाहेरच्या भोंग्यातून आतलं सगळं ऐकू येत होतं. अखेर तिचा आवाज आला.

"नमस्कार. मला तीन नंबर आणि चार नंबर विचारायला सांगितलंय. ते राहू द्या, आमचा पंखा एकवरच असतो."

मालकांनी कपाळावर हात मारला.

"शंभराचा एक केलात, तुमचा हिशोब तुम्हाला ठाऊक. पण इतकी वर्षं तुमची सभा न चुकवणारा माणूस आज तुमच्या दारात बाकड्यावर बसलाय. त्याला बाहेर काढून कंपनीचं काय भलं झालं, तेवढं सांगा."

अध्यक्ष म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. नोंद घेतो."

"बाई भारीच आहे," रखवालदार म्हणाला. "कोण हो?"

इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने मालकांनी डोळे पुसले आणि ताठ बसले.

"मालक आहेत," ते म्हणाले, "आमच्या कंपनीच्या."