लसीनंतरचा चौथा दिवस

"काका, तुमची 'हिपॅटायटिस बी' कावीळ पॉझिटिव्ह आली. आज इथं मशीन न्हाई मिळणार."

टेक्निशियननं हे हिंगोलीच्या डायलिसिस वॉर्डात, सगळ्यांदेखत, मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या खाजाचाचांनी आमच्या मधली पाण्याची बाटली उचलून पलीकडे ठेवली. दोन वर्षं आम्ही एकाच डब्यातून जेवलो होतो.

ही कावीळ रक्तातून पसरते, म्हणून मशीन वेगळं लागतं. ते नांदेडला.

मी आखाडा बाळापूरचा. बैलांच्या व्यापारावर उभा राहिलो. नुसत्या शब्दावर कधी बैल घेतला नाही, आजार कसा घेईन? कागद मागितला. तपासणी एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या आवरणाचा अंश रक्तात आहे का ते पाहणं. आधीचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह. मग रक्त घेतल्याची तारीख पाहिली. त्याच्या चारच दिवस आधी याच वॉर्डात मला याच काविळीची लस टोचली होती.

डॉक्टर मॅडमना विचारलं, "लसीत काय असतं?"

"त्याच आवरणाचा अंश. विषाणू नसतो."

"म्हणजे तुमीच घातलं अन् तुमालाच सापडलं! पेंड-पाणी कोंबून पोट फुगवलेला बैल आमी दुसऱ्या दिवशी, पोट उतरल्यावर बघतो, मॅडम."

त्यांनी तारखा पुन्हा पाहिल्या. "चूक आमची. रक्त लसीआधी घ्यायला हवं होतं. लसीनंतर काही आठवडे हा रिपोर्ट फसवू शकतो. पण खात्री होईपर्यंत मशीन वेगळंच."

राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. नांदेडला गेलो. जाण्याआधी माझ्या फाईलवर चिकटवलेलं 'पॉझिटिव्ह'चं लाल स्टिकर मात्र काढायला लावलं आणि 'लसीनंतरचा रिपोर्ट, फेरतपासणी बाकी' असं लिहून घेतलं.

एचबीव्ही डीएनए ही तपासणी खुद्द विषाणू शोधते. अँटी-एचबीसी खरी लागण कधी झाली होती का ते सांगते. माझ्या या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. चार आठवड्यांनी एचबीएसएजीही निगेटिव्ह.

चूक कबूल करणारी डॉक्टर मिळाली, तिचे उपकार मानतो. तुम्हीही लसीची तारीख लिहून ठेवा, रक्त देताना सांगा, आणि घाबरण्याआधी विचारा.

हिंगोलीला परत आलो त्या दिवशी नवा रिपोर्ट टेक्निशियनच्या हातात देऊन म्हणालो, "पॉझिटिव्ह जेवढ्या मोठ्यानं म्हणालास, तेवढ्याच मोठ्यानं हे वाच."

त्यानं वाचलं. मी म्हणालो, "अजून मोठ्यानं."

"सुन लिया, भाई!" खाजाचाचा ओरडले. "आता पड गुमान. माझं बीपी वाढवून राहिला."

बाटली त्यांनी पुन्हा मधे ठेवली. डायलिसिसवर असल्यानं मला पाणी मोजून प्यायचं असतं. तरी त्या दिवसाचा एक घोट मी त्यांच्याकडे बघत, त्याच बाटलीतून घेतला.