क्लायपेडाचा थांबा

सिद्धोधन पुंडगे रेल्वेत गार्ड होते. छत्तीस वर्षांची नोकरी, आणि त्यातली बहुतेक पूर्णा जंक्शनावरच गेली. आधी मालगाड्या, मग पॅसेंजर. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गावात त्यांना गार्डसाहेबच म्हणतात. आमची घरं एकाच गल्लीत. मी इंग्रजीचा मास्तर, तोही निवृत्त. त्यामुळे इंग्रजीतला काही कागद आला की गार्डसाहेब तो माझ्याकडे आणत.

असा पहिला कागद त्यांनी आणला तो लॉकडाऊनमध्ये, दोन हजार वीसच्या एप्रिलात. फाटकाबाहेर तोंडाला गमछा बांधून उभे होते. मोबाईल पुढे धरला आणि म्हणाले, "सर, हे नीट वाचून सांगा. मला एकदा समजलंय, पण परत सांगा."

त्यांचा मुलगा धम्मानंद मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. एकोणतीस वर्षांचा. बाल्टिक समुद्रात जहाज असताना त्याच्या पोटात दुखायला लागलं. जवळच्या बंदरात, लिथुआनिया देशातल्या क्लायपेडा गावी, त्याला दवाखान्यात नेलं. तिथं दुसऱ्या दिवशी तो गेला. विमानं बंद होती. देह किती दिवस ठेवावा लागेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. तिथंच दफन करायचं तर घरच्यांची परवानगी हवी, असा तो कागद होता.

कुसुमबाई, त्यांची बायको, बातमी ऐकल्यापासून शुद्धीवर नव्हत्या. मुलगी संघप्रिया नांदेडच्या दवाखान्यात नर्स; तिला ड्यूटीवरून निघता येईना. गार्डसाहेबांनी कोणालाही न विचारता फोनवर "हो" म्हटलं आणि माझ्या ओट्यावर बसून कागदावर सही केली. मी साक्षीदार. सही सरळ उमटली. नंतर मात्र कितीतरी वेळ ते पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न करत होते.

कुसुमबाईंनी त्यांना त्या "हो"बद्दल एका शब्दानं विचारलं नाही. पाच वर्षं. जहाजाच्या कंपनीनं भरपाई म्हणून दिलेले पैसे बँकेत पडून होते, त्या पैशांचं नावसुद्धा घरात निघत नसे.

मागच्या वर्षी जानेवारीत, एका दुपारी, त्या भाकरी करता करता म्हणाल्या, "मला तिथं न्या."

"कुठं?"

"पोरगं हाय तिथं. त्या पैशाला हात लावायचा तर याच्यासाठीच लावायचा."

विमानानं दोन-तीनदा बदलून जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपलं नसतं, असं संघप्रियाचं म्हणणं. पण कुसुमबाईंचं कारण वेगळं होतं. धम्मा ज्या पाण्यावर सात वर्षं होता ते पाणी त्यांना बघायचं होतं. म्हणून क्रूझ. हा शब्द गार्डसाहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला आणि स्वतःच संकोचले.

नांदेडच्या ट्रॅव्हल एजंटकडे मी त्यांच्यासोबत गेलो. तिथल्या सविता नावाच्या मुलीनं उत्साहानं रंगीत पुस्तिका पसरल्या. "काका, हा बघा आपला सगळ्यात फेमस प्रोग्राम. सात रात्री. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी. पूर्ण मराठी ग्रुप, महाराष्ट्रीयन जेवण."

गार्डसाहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. "यात क्लायपेडा न्हाई."

"तिथं काही नाही हो काका. छोटंसं बंदर आहे. लोक उलट विचारतात, ते कशाला ठेवलं म्हणून."

त्यांनी पुढची पुस्तिका ओढली. तिच्यात क्लायपेडा होतं, पण दुपारी एक ते संध्याकाळी सहा. तिसरीत सकाळी आठ ते पाच. कोपनहेगनपर्यंत विमान, तिथून जहाजानं पोलंडचं ग्दिनिया, मग क्लायपेडा, रीगा, टॅलिन, हेलसिंकी, स्टॉकहोम. त्या जहाजावर जूनमध्ये नागपूरच्या एका कंपनीचा तीस जणांचा गट जाणार होता. दोन्हींत चार तासांचाच फरक, आणि तिसरी महाग, असं सविता सांगू लागली.

"बेटा," ते म्हणाले, "तिथं आमचा मुलगा पुरलेला हाय. त्याच्या आईला तिथं चार तास जास्तीचे पाहिजेत."

त्या मुलीनं पहिल्या दोन पुस्तिका मिटून बाजूला ठेवल्या. त्यानंतरचं सगळं काम, व्हिसाच्या कागदांपर्यंत, तिनं सख्ख्या पुतणीसारखं केलं.

मग दोन-अडीच महिने गार्डसाहेबांच्या घरात वेळापत्रक चाललं. एक वही घातली होती. प्रत्येक बंदराला एक पान; जहाज लागणार कधी, सुटणार कधी, सगळ्यांनी परत चढायचं कधी, बंदरापासून गाव किती लांब. कोपनहेगनला पुतळा, टॅलिनला जुनी तटबंदी, स्टॉकहोमला होडीतून फेरी, हे सगळं त्यांनी मनापासून लिहिलं. मी विचारलं, हे बघायला जाणार का? म्हणाले, "कुसुम जहाजात बसून राहिली तर रडंल. तिला हिंडवायलाच पाहिजे."

पुस्तिकेत क्लायपेडाच्या पानावर जहाजाच्या दोन सहली छापलेल्या होत्या: अंबर नावाच्या पिवळ्या खड्यांचं संग्रहालय आणि वाळूच्या टेकड्या. कब्रस्तान शहराबाहेर होतं, तिथं कोणतीच सहल जात नव्हती. म्हणजे आपल्या जिम्म्यावर उतरायचं. जहाजाच्या बसनं गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबतं. आपले आपण गेलात तर थांबत नाही. हे वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. मीबी कुणासाठी गाडी थांबवली न्हाई."

क्लायपेडात खलाशांसाठी एक क्लब आहे. तो चालवणाऱ्या रासा नावाच्या बाई दरवर्षी एप्रिलात धम्मानंदच्या कबरीचा फोटो पाठवत. त्यांची पत्रं मीच वाचून दाखवायचो. गार्डसाहेबांनी माझ्याकडून त्यांना एकच प्रश्न लिहून घेतला: जहाज क्लायपेडाला लागलंच नाही, असं होतं का? रासाबाईंनी खरं ते कळवलं. बंदराचं तोंड अरुंद आहे. वारा जोराचा असला की मोठं जहाज आत येत नाही, पुढे निघून जातं. उन्हाळ्यातही कधीकधी होतं.

मला वाटलं, आता हे खचणार. त्यांनी वहीत नवं पान उघडलं. "सर, लाइन बंद पडली की गाडी दुसऱ्या मार्गानं काढावी लागती." क्लायपेडा हुकलं तर जहाज दुसऱ्या दिवशी रीगाला. रीगाहून क्लायपेडा मोटारीनं चार तास. परत रीगाला मुक्काम. सकाळची बस धरून टॅलिन, आणि तिथं जहाज संध्याकाळी सुटायच्या आत गाठायचं. क्लायपेडा, रीगा, टॅलिन तीन वेगळ्या देशांत, पण व्हिसा एकच. रासाबाईंनी रीगातली एक टॅक्सी बोलून ठेवली. गटाचा व्यवस्थापक योगीराज, नागपूरचा तरुण, त्यानं जहाजाच्या ऑफिसातून मधे उतरून पुढे चढायची परवानगी मिळवून ठेवायचं कबूल केलं.

आणखी एक कागद त्यांनी माझ्याकडून भरून घेतला. तो कुसुमबाईंना इतक्यात दाखवायचा नव्हता. देह उकरून मायदेशी नेण्यासाठीचा अर्ज. "मी हो म्हणलो, सर. ते मलाच माघारी घ्यायचंय," ते म्हणाले. सहीची जागा रिकामी ठेवली.

पुढचं मला दोघांनी सांगितलं, कधी एकत्र, कधी वेगवेगळं.

क्लायपेडाच्या दिवशी कुसुमबाई पहाटेच पांढरं लुगडं नेसून तयार होत्या. तिकडे जूनमध्ये चारलाच उजाडतं. खिडकीतून किनारा दिसू लागला, बंदरातल्या क्रेन दिसू लागल्या. साडेसहाला स्पीकरवर कप्तानाचा आवाज आला, वाऱ्याबद्दल काहीतरी सांगणारा. योगीराज धावत खोलीशी आला, पण त्याला सांगवेना. सांगायची गरजही नव्हती. क्रेन हळूहळू खिडकीच्या एका कडेला सरकत होत्या आणि जहाज वळत होतं.

गार्डसाहेब पलंगावर बसले. त्यांनीच सांगितलं मला, की त्या वेळी वहीतलं काहीसुद्धा त्यांना आठवेना. कुसुमबाईंनी क्रेन दिसेनाशा होईपर्यंत खिडकी सोडली नाही. मग वळून म्हणाल्या, "दुसरी गाडी कवा हाय?"

"उद्या."

"मग उद्या जाऊ. लुगडं तेवढं घडी घालून ठिवते."

दुसऱ्या दिवशी रीगाला ते पहिल्याच लोकांत उतरले. योगीराज टॅक्सीपर्यंत आला. कुसुमबाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, टॅलिनला मी शिडीपाशी उभा असतो."

रस्ता सपाट, दोन्हीकडे शेतं. खांबांवर करकोच्यांची घरटी, त्यांत उभी पिल्लं. कुसुमबाई ती मोजत बसल्या होत्या. दोन देशांच्या सरहद्दीवर रिकामी चौकी लागली. कुणी अडवलं नाही. गार्डसाहेब दर अर्ध्या तासानं घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी ते काढून खिशात टाकलं.

कब्रस्तानाच्या फाटकाशी रासाबाई उभ्या होत्या. साठीच्या, उंच, आखूड केसांच्या. कुसुमबाईंना इंग्रजी येत नाही, रासाबाईंना मराठी. दोघी एकमेकींचे हात धरून चालायला लागल्या आणि गार्डसाहेब मागून.

कबर लहान होती. करड्या दगडावर रोमन अक्षरांत नाव. गार्डसाहेबांनी कुसुमबाईंचं बोट धरून एकेका अक्षरावर फिरवलं. "हे ध. हे म्मा. हे नंद." त्या खाली बसल्या. दगडाला हात लावून पुसल्यासारखं करत राहिल्या, जसं तापातल्या लेकराचं कपाळ पुसावं.

दोघांनी मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील म्हटलं. रासाबाई मान खाली घालून उभ्या होत्या. नंतर त्या सावकाश इंग्रजीत बोलल्या आणि गार्डसाहेबांनी नोकरीतल्या इंग्रजीवर जमेल तसं मराठीत सांगितलं. धम्माचं जहाज त्याआधी तीनदा क्लायपेडाला आलं होतं. प्रत्येक वेळी तो क्लबात यायचा, घरी फोन लावायचा. एकदा त्यानं त्यांच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी खिचडी केली होती. तिखट इतकं की एक म्हातारा खलाशी बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला आणि धम्मा हसून हसून खाली बसला.

"हसायला लागला की बसायचाच तो," कुसुमबाई म्हणाल्या. "लहानपणापासून."

पुरताना चारच माणसं होती. जहाजावरचा दुसरा स्वयंपाकी, फिलिपिनो, त्याला कशीबशी परवानगी मिळाली होती. त्यानं धम्माचा ॲप्रन धुऊन, घडी करून आणला होता. तो त्याच्यासोबत ठेवला.

"कुणी रडलं का?" कुसुमबाईंनी विचारलं.

गार्डसाहेबांनी विचारलं. रासाबाई म्हणाल्या, "तो रडला. मीही."

कुसुमबाईंनी मान हलवली. शेजारच्या कबरीवर एक म्हातारी पाणी घालायला आली होती. आपलं काम झाल्यावर झारीत उरलेलं पाणी तिनं धम्माच्या फुलांना घातलं आणि यांच्याकडे न बघता निघून गेली. रासाबाई म्हणाल्या, ती नेहमीच घालते.

तेव्हा गार्डसाहेबांनी पिशवीतून तो अर्ज काढला. कशाचा आहे ते सांगितलं. "तुला न विचारता हो म्हणलो व्हतो. आता तू म्हणशील तसं. याच्यावर सही केली तर त्याला घरी नेता येतंय. टाइम लागंल, पण नेता येतंय."

कुसुमबाईंनी कागद हातात घेतला. इंग्रजीत होता, तरी वरपासून खालपर्यंत बघितला.

"तवा तुमी न्हाई म्हणला असता तर काय झालं असतं?"

"कुठंतरी पेटीत पडून राहिला असता. महिना, दोन महिने."

"मग हो म्हणला ते बरं केलं." त्यांनी कागदाची घडी घालून परत दिला. "आता उठवू नका त्याला. हितं त्याला पाणी घालणारं माणूस हाय."

गार्डसाहेबांनी मला हे सांगितलं. म्हणाले, "सर, पाच वर्षं मला वाटायचं, ती मनात शिव्या देती. आन् ती वाट बघत व्हती, मी कवा बोलतोय म्हणून."

तिथं ते तीन तास होते. तिन्ही तासांत विशेष काही घडलं नाही. कुसुमबाई धम्माशी बोलत होत्या. संघप्रियाच्या मुलाचं, नव्या नळाचं, गल्लीतल्या कोणाकोणाचं. माझंही नाव निघालं म्हणे.

दुसऱ्या दिवशी टॅलिनला ते वेळेच्या चार तास आधी पोहोचले. योगीराज शिडीपाशी होता. गटातल्या बायकांनी जुन्या तटबंदीचे फोटो दाखवले, आणि कुसुमबाईंनी ते एकेक करून नीट बघितले. पुढे हेलसिंकी झालं, स्टॉकहोमची होडीही झाली. होडीत त्यांना झोप लागली. गार्डसाहेबांच्या खांद्यावर डोकं टेकून फेरी संपेपर्यंत झोपल्या होत्या, आणि त्यांनी उठवलं नाही.

या जानेवारीत रासाबाईंनी फोटो पाठवला, एप्रिलची वाट न बघता. सगळीकडे बर्फ, दगडाचं फक्त वरचं टोक दिसतंय. मी फोन घेऊन त्यांच्या घरी गेलो. कुसुमबाईंनी चष्मा लावून फोटो बघितला आणि नवऱ्याला विचारलं, "लय थंडी असंल का हो तिथं?"

"असंल," गार्डसाहेब म्हणाले. मग फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाईला लिवा, सर, फोटो मिळाला म्हणून."

मी तिथंच बसून लिहिलं.