आप्पांचा नकार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. दादाला नाही, नवऱ्याला नाही, जिच्यापासून माझ्या घरातलं काही लपत नाही त्या मैत्रिणीलाही नाही. परवा एका बारशाला माझ्यादेखत पुन्हा त्या डॉक्टरबाईंचा उद्धार झाला — म्हाताऱ्या माणसाला हात लावायला घाबरली म्हणे — आणि मी समोरचा लाडू खात राहिले. संताप आला मला. त्या बायकांचा आला. पण त्या तर ऐकलेलंच बोलत होत्या. त्यांना ऐकवलं कुणी?

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर एसटी चालवली, तीही घाटातली. आई गेल्यावर मालगुंडच्या घरी एकटेच राहायचे. ऐंशी उलटली तरी स्वतःचा भात स्वतः शिजवायचे, संध्याकाळी समुद्रापर्यंत चालत जायचे. एका सकाळी परसातल्या जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी त्यांना रत्नागिरीला आणलं. मी इथेच शाळेत शिकवते. नवरा तेव्हा पुण्याला नोकरीला, दादा बोटीवर. हॉस्पिटलात मी एकटी.

तपासताना आप्पांच्या छातीत वेगळाच आवाज आला. इको काढला. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप पार आवळून गेली होती. भूल देणाऱ्या डॉक्टर — माझ्याहून लहान होत्या वयाने — मला बाजूला घेऊन बसल्या. धोका आहे, म्हणाल्या, आणि मी तो लपवणार नाही. भूल देताना रक्तदाब एकदम खाली गेला तर असं हृदय सावरत नाही. पण मनगटाच्या नाडीत बारीक नळी घालून क्षणाक्षणाला दाब बघता येतो, बेतानं भूल देता येते, अशा माणसांची ऑपरेशनं आम्ही पार पाडली आहेत. झडपेचं पुढे बघू. ऑपरेशन न करता पडून राहिले तर मात्र फुप्फुसं भरतील, पाठ सोलवटेल — त्यात धोका जास्त. उद्या-परवाच करू या.

याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं?

दादाचा फोन लागला. तो म्हणाला, "तू तिथे आहेस, तू ठरव. पण आप्पांना टेबलावर काही झालं तर बघ." बघ म्हणजे काय? साता समुद्रापलीकडून हे बोलायला त्याचं काय जात होतं? चीड आली मला. अजून येते. पण त्या चिडीमागे लपायचं नाही, असं ठरवूनच हे लिहायला बसले आहे.

मी घाबरले. आप्पा मरतील म्हणून नव्हे — माझ्या सहीने मरतील म्हणून. अंथरुणात हळूहळू गेले असते तर लोक म्हणाले असते, वय झालं होतं. कुणाच्याच हातून गेले नसते.

मी आप्पांपाशी गेले. त्यांनी विचारलं, "काय म्हणाली गो डॉक्टरीण?"

"नाही म्हणाल्या," मी सांगितलं. "तुमची झडप खराब आहे. इथे करत नाहीत."

त्यांनी चादरीखालच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग मी असाच पडून ऱ्हाऊ काय गो?"

आणि मी बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं, वडिलांचीच इच्छा नाही. ते नको म्हणतात.

त्यांना ते पटलं नसावं. त्या उठून स्वतः आप्पांच्या खाटेपाशी आल्या. वाकून म्हणाल्या, "आजोबा, नक्की ना? विचार केलात ना?" आप्पांना कमी ऐकू यायचं. त्यांना वाटलं, घरी न्यायचं विचारतायत. त्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी आप्पांची चादर सारखी करत राहिले.

मी त्यांना माझ्या घरी आणलं. कूस बदलताना ते ओरडायचे, मग ओरडल्याबद्दल माझी माफी मागायचे. माझी! पाठीला जखमा झाल्या. लघवीचं भांडं लावायला पोटची मुलगी येते याची त्यांना एवढी लाज, की पाणी प्यायचंच टाळायचे. "एवढी शिकलेली पोर," डॉक्टरांबद्दल म्हणायचे, "आणि भ्याली." पावसाळा सरता सरता छातीत कफ भरला आणि आप्पा गेले. दिवसांना आलेले लोक मला म्हणाले, मुलीने मुलाच्या वर सेवा केली. मी डोळे पुसले.

दादालाही मी कळवलं होतं, शेवटी डॉक्टरांनीच नकार दिला. त्याने गावच्या ग्रुपवर त्या हॉस्पिटलचं नाव घेऊन वाटेल ते लिहिलं. मी वाचलं, गप्प बसले. पुढे आमच्या शेजारच्या काकूंचा खुबा मोडला. त्यांच्या मुलाने मला विचारलं, "ताई, इथे दाखवू की कोल्हापूरला नेऊ?" मी म्हटलं, "तुम्हीच बघा बाबा." त्याने काकूंना मोडक्या हाडानिशी घाट चढवून नेलं. काकू वाचल्या. पण वाटभर त्या कशा विव्हळत होत्या, ते त्याने मला सांगितलं — आणि शिव्या त्याच डॉक्टरबाईंना घातल्या.

गेल्या महिन्यात त्या मला बाजारात भेटल्या. मी वळणार होते, त्यांनीच हाक मारली. आजोबा कसे आहेत, विचारलं. गेले म्हटल्यावर त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्यांना पुन्हा एकदा विचारायला हवं होतं मी. राहून राहून वाटतं. पण त्यांचाच निर्णय होता ना."

त्यांना रुखरुख लागली होती. त्यांना!

"हो," मी म्हटलं. "आप्पा फार हट्टी होते."

आप्पा हट्टी नव्हते. त्यांना चालायचं होतं. त्यांना कुणी विचारलंच नाही.