मॅग्नेटमामांची झेफिर

माझे मामा कोटाच्या खिशात लोहचुंबक घेऊन फिरत. मामीच्या जुन्या मऊ पातळाच्या तुकड्यात ते इतक्या भक्तीनं गुंडाळलेलं असे, की पाहणाऱ्याला वाटावं, आत शाळिग्राम आहे. मैदानावर कुणाची चकचकीत जुनी गाडी दिसली, की मामा तिच्याभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घालत, मालक सँडविच खाण्यात गुंतलाय याची खात्री करून घेत आणि पुडी हळूच दाराच्या खालच्या कडेला टेकवत. चिकटली तर पत्रा खरा. सटकली तर गंज खरवडून आत पुट्टी भरलेली आणि वरून रंग फासलेला. मग मामांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरे, तो मी फक्त लॉटरी लागलेल्या माणसांच्या फोटोत पाहिला आहे. "पाणी मुरतंय," ते माझ्या कानाशी येऊन सांगत. भाचेमंडळींनी त्यांचं नाव मॅग्नेटमामा ठेवलं होतं. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण कुणी फार गोड बोलायला लागलं की अजूनही माझा हात खिशाकडे जातो.

दोन हजारच्या सुमारास मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इंग्लंडात मिल्टन कीन्सला आलो. तिथून तासाभरावरच्या एजवेअरमध्ये मामा-मामी तोवर जुने झाले होते. पहिल्याच उन्हाळ्यात मामांचा फोन आला. "श्री, रविवारी काय करतोस? देवळात-बिवळात जात नसशील तर हॉट रॉड शोला चल." हॉट रॉड म्हणजे काय, ते मला चिखलाच्या एका मैदानावर कळलं. पन्नासच्या दशकातली गाडी घ्यायची, छप्पर कापून तिला बुटकी करायची, बूड जमिनीला टेकवायचं, आत राक्षसी इंजिन बसवायचं, अंगावर ज्वाळा रंगवायच्या आणि तिच्याशेजारी केसांना तेल थापून उभं राहायचं. त्या तेलकट, गोंदवलेल्या गर्दीत टाय, पुलोव्हर आणि कॅप घातलेले मामा धोतर नेसून डिस्कोत आल्यासारखे दिसत. पण सगळे त्यांना ओळखत. आणि ते दिसले की चार-दोन माणसं आपापल्या गाडीच्या दारापुढे सहज म्हणून उभी राहत.

मामांची स्वतःची गाडी म्हणजे पन्नासच्या दशकातली एक झेफिर. लांबलचक, खाली बसवलेली, अंजिरी रंगाची. तिच्यावर ज्वाळा नव्हत्या. मामांनी सगळी हयात एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात घालवली होती. "गाडी पेटली म्हणून सांगणाऱ्यांना जन्मभर खोटं पाडलं, आता स्वतःच्या गाडीवर आग काढून घेऊ?" त्याऐवजी मामीच्या नारायणपेठी लुगड्याचा काठ पेंटरसमोर धरून त्यांनी तसाच बारीक नक्षीचा पट्टा दोन्ही बाजूंनी काढून घेतला. बघणारे इंग्रज तो मेक्सिकोतला समजत. मामा दुरुस्ती करत नसत. "समजू दे. खरं सांगितलं तर उद्या दहा गाड्यांवर दिसेल."

शोमध्ये मामींचं काम पहाऱ्याचं. घडीच्या खुर्चीवर स्वेटर विणत त्या गाडीजवळ बसायच्या. शेजारी थर्मास आणि फॉइलमध्ये बटाट्याच्या भाजीचे पोळीरोल. कुणी येऊन "ब्यूटिफुल" म्हणालं, की मामा लांबूनच सावध होत. त्यांचा सिद्धांत असा, की गाडीची स्तुती करणारा तोंडानं बोलत असतो आणि डोळ्यांनी चाकांवरच्या हबकॅप मोजत असतो. "आणि मी शिवलेल्या ब्लाउजची स्तुती करणाऱ्या बायका?" मामी विचारायच्या. "त्यांचा तुझ्या शिलाई मशीनवर डोळा आहे," मामा गंभीरपणे म्हणत.

माझ्या गाडीतल्या, बाईच्या आवाजात रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅव्हवर त्यांचा खास राग होता. "ही बाई कधी वॉटफर्डला आलीय का? मग कशाला सांगते?" असं म्हणून ते तिच्या बरोबर उलट वळायला लावत, आणि उशीर झाला की ट्रॅफिकवर संशय घेत.

एका वर्षी त्यांच्या झेफिरला चक्क बक्षीस मिळालं. लाउडस्पीकरवर नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, एका पोट सुटलेल्या गृहस्थांनी सोनेरी चषक हातात दिला. मामांनी नम्रपणे वाकून आभार मानले, आणि मंडपामागे येऊन खिशातून पुडी काढली. चुंबक चषकावरून घसरून गवतात पडलं. मग त्यांनी चषकावर टिचकी मारून आवाज ऐकला. "प्लॅस्टिक," मामा म्हणाले. एजवेअरपर्यंत ते गाणं गुणगुणत होते. मामी म्हणाल्या, "अहो, बक्षीस मिळाल्याचा आनंद झालाय की ते खोटं निघाल्याचा?"

मग डोळे बिघडले. समोरचा रस्ता मधोमध पुसल्यासारखा दिसू लागला. मामांनी आधी चष्मेवाल्यावर संशय घेतला ("तक्ताच पुसट छापलाय"), मग हॉस्पिटलच्या मशीनवर, मग डॉक्टरीणबाईंच्या वयावर. पण लायसन्स परत करावं लागलं. त्या दिवशी ते शांत होते, आणि मामांचं शांत असणं घरात कुणालाच सोसत नसे. चालवली नाही की जुनी गाडी गंजून बसते. आम्हा भाच्यांपैकी कुणाला ती धड सुरूही करता येत नव्हती. म्हणजे विकायला हवी होती, आणि विकायची म्हणजे मामांची झोप उडणार होती. कारण त्यांना ठाऊक होतं, की अशी गाडी घेणारे अर्धे लोक ती चालवायला घेत नाहीत. ते तिचे तुकडे करतात. चाकं एकाला, बंपर दुसऱ्याला, इंजिन तिसऱ्याला. "मी मेलो तर एकदाच जाळाल," मामा म्हणाले. "हिला महिनाभर कापत बसतील."

गिऱ्हाइकं आली. मामा त्यांना चहा देत आणि उलटतपासणी घेत. एकानं गाडीआधी बंपरचा फोटो काढला, गेला. एकाला छप्पर कापायचं होतं, तोही गेला. एक जण "माझ्या आजोबांची अशीच होती" म्हणत डोळे पुसू लागला. मामा उठले आणि त्यांनी स्वतः त्याला फाटकापर्यंत पोचवलं. "आजोबा काढले की समजावं," ते परत येऊन म्हणाले. मामी वैतागल्या. "तुम्हाला माणूस नकोच आहे. गाडी तुमच्याबरोबर सती जायला हवीय."

शेवटी शेरिल आली. मिल्टन कीन्सजवळच्या ब्लेचलीकडची, चाळिशीची, शाळेची बस चालवणारी. ती एकदाही ब्यूटिफुल म्हणाली नाही. चहा नको म्हणाली. सरळ गॅरेजात गेली आणि तिनं बॉनेटवर पालथा हात ठेवला. मग मामांकडे वळून बघितलं.

"गरम आहे," ती म्हणाली.

मी मामांकडे पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थंड इंजिन सुरू होताना खोकतं, धूर टाकतं. म्हणून लबाड विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी ते तापवून ठेवतात. दुसऱ्यांच्या बॉनेटवर असेच हात ठेवून मामांनी कित्येकांना पकडलं होतं. आणि त्या सकाळी मला एजवेअरला बोलावून, किल्ली हातात देऊन, "चोक ओढ, आता सोड, आता बटण" असं सांगत त्यांनी स्वतःच ते तासभर तापवून घेतलं होतं. आपल्या म्हातारीचा खोकला परक्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"शेजारी जरा जाऊन आलो," मामा म्हणाले.

"लायसन्स नाही म्हणालात ना फोनवर?" शेरिल म्हणाली. "निवेपर्यंत थांबते मी. घाई नाही."

ती खरोखर थांबली. गॅरेजच्या दारात उलट्या बादलीवर बसून राहिली आणि आम्हाला बॉनेटपाशी फिरकू दिलं नाही. मामींनी न विचारता चहा नेऊन दिला. तिनं आधी तो हुंगला. दुपारी तिनं पुन्हा बॉनेटवर हात ठेवला आणि बटण दाबलं. झेफिर खोकली, निळा धूर ओकली, थरथरली आणि सुरू झाली. शेरिल म्हणाली, "हं. हे लपवत होतात तर." आणि पहिल्यांदा हसली.

मामा आत आले आणि मामींच्या कानाशी म्हणाले, "सुमन, हिला द्यायची."

"अहो, तिनं तुम्हाला चोर ठरवलं."

"मग? इतकं बघून घेणारी बाई कापायला घेत नाही."

ठरलेल्या शनिवारी शेरिल गाडी घेऊन निघाली. तिनं वळण घेतलं न घेतलं, तोच मामा माझ्या गाडीत येऊन बसले. "चल, जरा मागून. नुसतं मागून." एमवन हायवेवर आम्ही तिच्या मागे चार गाड्या सोडून होतो. मामांना पुढचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मी सांगायचं. लेन बदलली. इंडिकेटर दिला. ब्रेक बेतानं मारला. मिल्टन कीन्सच्या एका राउंडअबाउटला मात्र शेरिलनं एक पूर्ण फेरी मारली, मग दुसरी. मीही मारली. "मूर्खा," मामा म्हणाले, "ती बघतेय कोण मागे येतंय ते." त्यांनी कॅप नाकावर ओढली आणि सीटमध्ये खाली सरकले.

पुढे रस्त्याकडेला गाड्या थांबवायच्या लेबायमध्ये झेफिर थांबली. मीही थांबलो. शेरिलनं येऊन माझी काच वाजवली आणि वाकून पलीकडच्या कॅपशी बोलली.

"कुठवर येणार आहात?"

मामा सरळ बसले. "गॅरेज कोरडं आहे म्हणालीस. बघायचंय."

"विश्वास नाही?"

"नाही."

"मग माझ्याबरोबर बसा. मागून काय कळणार आहे?"

मामा उतरले. सवयीनं झेफिरच्या उजव्या दारापाशी गेले. तिथे शेरिल किल्ली घेऊन उभी होती. मग मामा बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या गाडीत डावीकडे बसले. गाडी हलली. मागच्या काचेतून मामांची कॅप दिसत होती. ती एकदा वळली. मी हात वर केला, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. डिकीचं झाकण नीट बसलंय का, ते त्यांना बघायचं होतं.