ताटाखालचा डाव

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी चेन्नईच्या ऑफिसात एका रखडलेल्या ट्रकचा शोध घेत होतो. "माधवा, हे गेले रे," काकू म्हणाली, आणि मी सवयीनं विचारलं, "किती वाजता?" ... माल वेळेवर पोचवण्याची नोकरी करून करून माणूस असा होतो. काकू म्हणाली, "साडेतीनला. पाचापर्यंत तरी थांबायचं होतं."

पाचाचं महत्त्व आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. वेंकूकाका तंजावरला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते. कोणत्या गावाला कालव्याचं पाणी कधी, ते त्यांच्या वहीत. लावणीच्या दिवसांत पापनाशमकडचे शेतकरी सायकली हाणत घरापर्यंत येत, पण पाच ते सहा काका कोणाचेच नसत. त्या तासात ते आणि काकू ओट्यावर पल्लांगुळी खेळत. लाकडी पाटी, दोन्हीकडे सात-सात खळगे, त्यांत चिंचोके. एका खळग्यातले उचलायचे आणि पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जायचं. खेळ मुळात बायकांचा. शेजारचे विचारत, "राव, बांगड्या कधी भरताय?" काका म्हणत, "हिच्याकडून जिंकल्या की भरतो. अजून जमलेलं नाही."

सहा वाजले की डाव असेल तिथे थांबे. काका पाटीवर पितळी ताट पालथं घालत, आणि उद्या तिथूनच पुढे. काकू करवादायची, "ह्यांना हरायला आलं की बरोबर सहा वाजतात!" एका सुट्टीत मी चिडून विचारलं होतं की संपवून का टाकत नाही. काका म्हणाले, "संपवायला कचेरी आहे की. तिथलंही संपत नाही, ते सोड."

मला हे कधी साधलं नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लावली आणि म्हणाले, थोडं रिकामं बसत जा. मी रिकामं बसण्याचंही वेळापत्रक केलं आणि ते चुकलं म्हणून आणखी घाबरलो. काकांनी बोलावून पाटीसमोर बसवलं. माझ्या मांडीवर फोन थरथरत होता. काका म्हणाले, "चिंचोके पेर बाबा, ट्रक नको पेरू." चाळीस मिनिटांत मी उठलो. पुढच्या महिन्यात नक्की येतो, म्हणालो... तो महिना काही आला नाही.

आणि मग तेराव्या दिवशीची ती गोष्ट. घर पाहुण्यांनी भरलेलं, पानं मांडायला ओटा हवा होता. मी आपला कामसू! ताट उचललं, चिंचोके भराभर डब्यात ओतले, पाटी कोपऱ्यात उभी केली. झाकण लावता लावता हात थांबला. काका गेले त्याच्या आदल्या संध्याकाळचा तो डाव होता. अर्धा राहिलेला, शेवटचा. मी घाईघाईनं पाटी पुन्हा जागेवर ठेवली, रिकाम्या खळग्यांवर ताट पालथं घातलं आणि पाहुण्यांना वाढायला धावलो.

चेन्नईला परतलो, पण झोप गेली. काकूनं ताट उचललं असेल का? ज्या खळग्यांत काकांची बोटं शेवटची फिरली, ते मी पुसून टाकले होते. मी रोज फोन करू लागलो. "काय करतेयस?" "काय करणार? बसलेय." कुठे बसलीयस, हे विचारायचा धीर होईना. "ओट्यावर वारा आहे," एवढंच ती म्हणाली तरी मी घाईनं फोन ठेवून देई.

मागच्या आठवड्यात रजा काढून गेलो. परतीची गाडी त्याच संध्याकाळची ठेवली, म्हणजे सांगून पळता येईल. पाचाला काकू ओट्यावर येऊन बसली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"त्याच दिवशी कळलं मला," ती म्हणाली. "पाटी उचलताना चिंचोके वाजतात, ते वाजले नाहीत. मग खोलीत जाऊन दार लावून रडले."

"मग बोलली का नाहीस?"

"अय्यो, बोलले असते तर तू सुटला असतास. आधी दिवाळी-पोंगलला फोन करायचास, आता रोज करतोस. मी कशाला बोलू?"

तिनं डबा आणला. दर खळग्यात चिंचोके भरताना तिचा हात काकांच्या बाजूला जरासा अडखळला... मग तिनं पाटी फिरवली आणि ती बाजू माझ्याकडे आली.

मी वाईट खेळलो. दर चालीला गाडीची आठवण होत होती. सहाला काकूनं ताट पालथं घातलं. "माझी गाडी—" मी म्हणालो. "जा की," ती म्हणाली. "मी काय, उद्याही इथेच."

हे लिहितोय ते तंजावरातच. रजा वाढवलीय, साहेबांचे चार फोन येऊन गेले, परत गेल्यावर काय ऐकावं लागेल ते आत्ताच दिसतंय. पाचाला दहा मिनिटं कमी आहेत. ओट्यावर काकूनं दोन पाट मांडलेत, आणि मी कुठेही असलो तरी ऐकू जाईल अशा आवाजात ती विचारतेय, चाल कोणाची होती?

माझीच होती.